आठ दिवसांपुढचं ते शिळं

उद्या आमच्या गल्लीचा पाण्याचा दिवस. म्हणजे निदान कागदावर तरी. आठव्या दिवशी यायचं ते कधी नवव्याला येतं, कधी दहाव्याला, आणि ऊन चढलं की कधी येईल हे पाणी सोडणाऱ्या लाइनमनलाही सांगता येत नाही. तरी आज सकाळपासून पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत तयारी चाललीय. ड्रम घासून पालथे घातलेत, मोटारींच्या नळ्या उन्हात पसरल्यात, आणि माझी माय गच्चीवरून हाका मारतीय, "आगं संगे, वरच्या ड्रममदी अजून हातभर शिळं पाणी हाय. ते कवा ओतायचं?" मी ऐकून न ऐकल्यासारखं करते. तीन वर्षं झाली, या दिवसांत माझं हे असंच होतं. शिळं पाणी ओतायचं म्हटलं की हात उचलत नाही.

हे दिवसच मेले तसे आहेत. लिंबाचा मोहर गळून अंगणात बारीक पांढरा सडा पडलेला असतो, कितीही झाडा, दुपारपर्यंत पुन्हा तेवढाच. जयंतीच्या निळ्या पताका चौकात अजून तारांवर असतात, त्यांचा रंग उन्हानं उडत चाललेला. समोरच्या घरातली पोरगी खिडकीत बसून मोठ्यानं पाठ करते आणि एकाच ओळीवर अडते, रोज. कूलरचा वाळा ओला केला की गार वास सुटतो, आणि लगेच माय विचारते, "पाणी प्यायला हाय का कूलरला?" बाकीच्या लोकांना उन्हाळा म्हटलं की आंबे आठवतात. मला एक माणूस आठवतो, जो रोज सकाळी विहिरीचं पाणी चाखून वहीत एक ओळ लिहायचा. त्याची विहीर इथून अर्ध्या पृथ्वीएवढ्या अंतरावर, समुद्राच्या मधोमध होती. त्याच्या वह्या मी घालवल्या. कशा, ते सांगते.

आमचं लहानपण बजाजनगरात गेलं. बाबा वाळूजच्या एका कंपनीत कामाला. टँकर यायचा तो नेमका शाळेच्या किंवा शिफ्टच्या वेळेला. त्यामुळं रांगेत माणसं कमी आणि भांडीच जास्त असायची. हंडे, घागरी, तेलाचे डबे एकामागं एक उभे, आणि जो कोणी हजर असेल त्यानं न आलेल्यांची भांडी पुढं सरकवायची, भरायची, सावलीत ठेवायची. हा कायदा कुणी लिहिला नव्हता. पण मोडला तर गल्ली महिनाभर तुमच्याशी बोलायची नाही. मी दहावीचा इतिहास त्या रांगेत पालथ्या बादलीवर बसून पाठ केलाय. एकदा वाचायच्या नादात शेजारच्या काकूंचा हंडा सरकवायचा राहिला. टँकर रिकामा होऊन निघून गेला. काकू काही बोलल्या नाहीत. बाबा बोलले. "आपला हंडा राहिला तर राहिला, संगे. दुसऱ्याचा राहिला तर त्या घराला तोंड काय दाखवायचं?" आणि आमच्या ड्रममधलं अर्धं पाणी त्यांनी स्वतः खांद्यावरून काकूंच्या घरी नेऊन ओतलं. मी मागं मागं रिकामी कळशी घेऊन रडत चाललेली. तो दिवस मला नुसता आठवतो असं नाही, त्या वेळी रस्त्यावर सांडलेल्या पाण्याचा तापल्या मुरमातला वाससुद्धा आठवतो.

पुढं शिकले. कॉम्प्युटरची नोकरी लागली. शहरातल्या एका शिक्षणसंस्थेत इंटरनेट बंद पडलं की ज्या बाईला सगळे एकाच वेळी फोन करतात, ती बाई मी. काही वर्षांपूर्वी आमची संस्था एका मोठ्या कामात सामील झाली. प्रशांत महासागरातल्या लहान लहान बेटांच्या देशांतली कॉलेजं, शाळा, संशोधन करणारी माणसं एकमेकांशी आणि बाकीच्या जगाशी नीट जोडायची. समुद्राखालून केबल टाकणारे लोक वेगळे. आमच्या वाट्याला आलं ते घरगुती काम. केबल पोचेपर्यंत त्या बेटांवर उपग्रहाची लाइन होती, ती मधूनच यायची, मधूनच जायची. तेव्हा प्रत्येक बेटावरच्या कॉलेजात एक सर्व्हर ठेवायचा. लाइन आली की त्यानं बाहेरचे धडे, पुस्तकं, शोधनिबंध, प्रश्नपत्रिका ओढून भरून ठेवायच्या, आणि लाइन गेली की पोरांनी त्यातून घ्यायचं. आमच्या सरांनी मीटिंगमध्ये विचारलं, "हे कुणाला जमेल?" मी म्हटलं, "सर, आमच्या घरी आठवड्याला हेच चालतं." सगळे हसले आणि काम माझ्या गळ्यात पडलं. त्या सर्व्हरचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. आम्ही त्याला टाकी म्हणायचो.

एका टाकीच्या त्या टोकाला लोसा होती. तिशीतली बाई, कॉलेजच्या कॉम्प्युटर खोलीची एकटी धनीण. आमची सकाळ ती त्यांची दुपार, त्यामुळं सात वाजता मी चहा घेऊन बसले की तिचा निरोप आलेला असायचा. बोलणं इंग्रजीत. तिचं मोडकं, माझंही मोडकं, पण दोन मोडक्यांचं छान जुळलं. व्हिडिओ लावला तर तिचा चेहरा चौकटी चौकटींचा व्हायचा आणि तिथंच थिजायचा, कधी तोंड उघडं असताना. मग आम्ही दोघी नुसत्या हसायचो.

एकदा असंच बोलताना माय खालून ओरडली, "संगे, पाणी आलंऽऽ!" मी फोन टाकून पळाले. तासाभरानं ओल्या साडीनं परत आले तर लोसा लाइनवर वाट बघत बसलेली. "काय झालं? घरात कुणी आजारी आहे का?" मी सांगितलं, आठ दिवसांनी नळाला पाणी आलं. तिला पटेना. एवढा मोठा देश, एवढं मोठं शहर, आणि पाणी आठ दिवसांनी? मग तिला सगळं समजावलं, ड्रम, मोटार, नळी, गल्लीतली भांडणं. ती म्हणाली, "म्हणजे सिस्टर, तुम्हीपण बेटावरच राहता." तेव्हापासून तिकडं लाइन आली की ती इंग्रजी अक्षरांत लिहायची, 'पाणी आलं'. आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. सर जिन्यात भेटले की विचारायचे, "काय मॅडम, बेटावर पाणी आलं का?"

आता माझी चूक. टाकीत जागा थोडी होती. नवं भरायचं तर जुनं काढावं लागणार, आणि कोणतं काढायचं याचा नियम मला लिहायचा होता. खरं सांगते, मी फार डोकं लावलं नाही. आमच्या घरी काय करतात? ताज्या पाण्याची धार लागली की आधी शिळं ओतायचं, ड्रम विसळायचा, मग काठोकाठ भरायचं. आठ दिवसांपुढचं पाणी कुणी ठेवत नाही. त्यात अळ्या पडतात, औषध टाकणारे येऊन चारचौघांत बोलतात, पोरांना डेंगी होतो. मायनं जन्मभर हेच केलं, मी हेच बघितलं. तोच नियम मी टाकीला लावला. लाइन चांगली आली, की आठ दिवसांपुढचं जे जे असेल ते आधी काढून टाकायचं, मग नवं भरायचं. 'आठच का?' असं मला कुणीही विचारलं नाही. सरांनी नाही, बाहेरून तपासायला आलेल्या पाहुण्यांनी नाही. विचारलं असतं तर मलाही धड उत्तर देता आलं नसतं.

दुसरी चूक त्याहून वाईट. बेटावरून बाहेर पाठवायचं काही असलं तर त्यासाठी टाकीत एक खण ठेवला होता, पण तो शेवटचा. आधी आत येणारं भरायचं, वेळ उरला तर बाहेर जाणारं सोडायचं. आणि आठ दिवसांचा नियम मी त्या खणालाही लावला. का? कारण आमच्या गल्लीत पाणी येतं. आमच्या गल्लीतून पाणी कुठं जात नाही. नळातून उलटं काही पाठवायचं असतं हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. आम्ही देणार, ते घेणार. ते लांबचे, गरीब, त्यांच्याकडं पाठवण्याजोगं असणार काय? असं मी तोंडानं कधी म्हटलं नाही, पण लिहून ठेवलं होतं ते हेच. शाळेत आमच्या वस्तीतल्या पोरांकडं बघून काही मास्तर असाच विचार करायचे, यांना द्यायचं, यांच्याकडून घ्यायचं काय? त्याचा राग मी आजही धरून बसलीय. आणि संधी मिळाल्यावर मी तेच केलं.

लोसाचे वडील शाळामास्तर होते. त्यांचं बेट म्हणजे पोवळ्याची एक चिंचोळी पट्टी, इकडून हाक मारली तर तिकडच्या किनाऱ्यावर ऐकू जाईल एवढी. तिथं विहीर खणली की खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर लागतो. तो थर आहे तोवर गाव आहे. मास्तर तरुणपणापासून रोज सकाळी शाळेच्या विहिरीत गाठी मारलेली दोरी सोडायचे, किती गाठी भिजल्या ते बघायचे, ओंजळभर पाणी चाखायचे आणि वहीत एक ओळ लिहायचे. वर्षाला एक वही. अशा एकतीस वह्या. लोसा विहिरींवरच संशोधन करत होती आणि तिचा सगळा प्रबंध त्या वह्यांवर उभा होता. गोड पाणी कधी, कोणत्या भरतीनं, कसं हळूहळू खारट होत गेलं, हे त्या बेटावर दुसऱ्या कुणीही लिहून ठेवलेलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात, म्हणजे आमच्या उन्हाळ्यात, तिचा प्रबंध जायचा होता, आणि परदेशातल्या परीक्षकांना आधी वह्यांच्या प्रती बघायच्या होत्या. त्या प्रती माझ्यामार्फत जाणार होत्या.

मार्चात तिकडं वादळ झालं. समुद्र घरात शिरला. माणसं वाचली, पण वह्यांची पेटी दोन दिवस खाऱ्या पाण्यात राहिली. कॉलेजच्या छतावरची उपग्रहाची तबकडी वाकली आणि लाइन नुसती ठिबकायला लागली, निरोपापुरती. लोसानं वह्यांची पानं सुटी करून दोरीवर चिमट्यांनी वाळत घातली. वाळलेलं पान कॉलेजच्या स्कॅनरवर कसंबसं टिकायचं आणि उचलताना त्याचे तुकडे व्हायचे. "एका पानाला एकच संधी आहे," ती लिहायची. स्कॅन झालं की सरळ टाकीत, बाहेर जायच्या खणात.

पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं, "सिस्टर, पेनड्राइव्हवर पण एक प्रत ठेवू का? माझ्याकडं नाही, पण ऑफिसातून मागून आणते." मी पोहे खात होते. एका हातानं लिहिलं, "कशाला दगदग? टाकीत टाकलं की माझ्या ताब्यात आलं समज." एवढंच. आजही पोहे केले की माझा घास तोंडात फिरतो. माय म्हणते, मीठ कमी पडलं का. नाही गं, मीठ बरोबर आहे.

तो महिना तिच्या निरोपांचा. "आज सातवी वही." "आज बारावी. या वर्षी बाबांनी फार थोडं लिहिलंय, आई आजारी होती." "आज एकोणिसावी. पानांना अजून मासळीचा वास येतो." इकडं ऊन चढत होतं, कॉलेजात परीक्षा सुरू होत्या, पोरं वर्गाबाहेर भिंतीला टेकून शेवटची पानं चाळायची, आणि तिकडं ती बाई वडिलांचं आयुष्य काचेवर पालथं घालून एकेक पान उचलत होती. मी मायला मास्तरांचं सांगितलं. मायनं भाकरी थापता थापता हात थांबवला. "पाणी चाखून लिहितो? रोज? व्हय गं, लई जपणारा माणूस दिसतोय."

बिडकीनकडं माझ्या मामाची विहीर होती. सुट्टीत आम्ही तिच्या पायऱ्यांवर पाण्यात पाय सोडून बसायचो, बारीक मासे बोटांना टोचायचे. जमीन कारखान्यांसाठी गेली, विहीर बुजली. कोणत्या साली तिला किती हात पाणी होतं, कोणत्या चैत्रात तळ दिसला, हे आता कुणाला विचारू? मामालाही आठवत नाही. तो नुसता म्हणतो, "होतं की भरपूर." हे मी लोसाला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझ्या मामाला पण एक मास्तर पाहिजे होता."

एप्रिल संपता संपता तिचा निरोप आला, "झाल्या. एकतीसच्या एकतीस. आता सगळं तुझ्याकडं." टाकीच्या पडद्यावर त्या खणापुढं हिरवी खूण होती. तिचा अर्थ 'घेतलं' असा होता, 'पोचलं' असा नव्हे. तिला तो फरक कळायचं कारण नव्हतं. मला होतं. पण लाइन ठिबकत होती, आत येणारंच कितीतरी थांबलेलं होतं, आणि मी म्हटलं, केबल जोडतायत, चार दिवसांत सगळं आपोआप निघेल. लोसानं तिचा हंडा माझ्या भरवशावर रांगेत ठेवला होता आणि ती निवांत घरी गेली होती.

मे निम्मा झाला तेव्हा केबल जोडली. त्या सकाळी धार लागली ती अशी, की आमच्याकडंही कुणी बघितली नसेल. लोसानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पाणी आलं', आणि पुढं उद्गारचिन्हांची ही लांब रांग. ऑफिसात पेढे वाटले. टाकीनं आपलं काम अगदी चोख केलं. आधी शिळं ओतलं, मग काठोकाठ नवं भरलं. माझा चहा निवला नव्हता तोवर सगळं उरकलं होतं.

दुपारी मी तो खण उघडला. रिकामा. नोंदीत एकच ओळ, अमुक इतकी पानं आठ दिवसांपुढची असल्यानं काढली. मी ती ओळ किती वेळा वाचली कुणास ठाऊक. मग जे जे करतात ते सगळं केलं. गेलेलं परत काढायचे उपाय केले, ओळखीतल्या जाणकारांना फोन केले, त्यांच्या ओळखीतल्यांना केले. सगळ्यांचं एकच म्हणणं, त्याच जागेवर नवं भरून बसलंय, आता काही निघत नाही. नवं म्हणजे काय होतं ते? मी बघितलं. पाणी कसं जपावं यावरचे धडे होते त्यात, दुसऱ्या देशांत तयार केलेले.

लोसाचा निरोप आला, "मिळालं का?"

मी लिहिलं, "येतंय."

हा शब्द मी कुठं शिकले ते मला चांगलं माहीत आहे. आमचा लाइनमन व्हॉल्व्हची लांब चावी खांद्यावर टाकून गल्लीतून जाताना म्हणतो, "आ रहा है भाभी, आ रहा है, प्रेशर नहीं है." आयुष्यभर त्याला शिव्या घातल्या. आणि मी तीन आठवडे तेच करत राहिले. येतंय. मोठं आहे, वेळ लागतो. तपासतेय. ती बिचारी लिहायची, "काही घाई नाही सिस्टर." घाई होती. परीक्षकांनी दिलेली तारीख गेली. तिनं मुदत वाढवून घेतली, माझ्या 'येतंय'च्या जोरावर. मला रोज सकाळी वाटायचं, आज सांगायचं. आणि रोज चहा संपेपर्यंत 'येतंय' लिहून झालेलं असायचं. लाज वाटते म्हणायलाही लाज वाटते, इतकी ती जुनी झालीय.

मधे कामाचा आढावा झाला. सरांनी पडद्यावर बेटांची नावं दाखवली, प्रत्येकासमोर वर वर चढत गेलेली हिरवी रेघ. "एकदम क्लीन," ते म्हणाले. मीटिंगच्या आदल्या दिवशी मी त्यांना वह्यांचं सांगितलं होतं. माणूस वाईट नाही. ऐकून त्यांनी चष्मा पुसला, म्हणाले, "फार वाईट झालं मॅडम. पण रिपोर्टमध्ये तसा रकानाच नाही." मी उलटून पालटून बघितलं. खरंच नव्हता. किती आत आलं, किती वेगानं आलं, याचे रकाने होते. टाळ्या वाजल्या तेव्हा मीही वाजवल्या.

जून लागल्यावर लोसानं व्हिडिओ लावला. पहिल्यांदाच नीट. कुठं चौकटी नाहीत की थिजणं नाही. इतक्या दिवसांत मला कधी दिसला नव्हता तो तिच्या भुवईवरचा जुना व्रण दिसला. मागं खोलीत ती दोरी अजून बांधलेली होती, तिच्यावर रिकामे चिमटे. आणि शेजारी मास्तर. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून चापून बसवलेले. "बाबांना तुला बघायचं होतं," लोसा म्हणाली. "मी त्यांना सांगितलंय, आपल्या वह्या सांभाळणारी ती हीच." मास्तरांनी दोन्ही हात उचलून मला हसून काहीतरी केलं. बहुधा त्यांचा नमस्कार असावा.

लाइन खराब असती तर मी म्हटलं असतं, ऐकू येत नाही, नंतर बोलू. कितीदा म्हटलेलं आहे. त्या दिवशी तेवढीही सोय नव्हती.

मी सांगितलं. एका दमात. आठ दिवसांचा नियम, शेवटचा खण, 'येतंय', सगळं. मी तेव्हा पोहे खात होते हेसुद्धा सांगितलं, कशाला कोण जाणे.

लोसा म्हणाली, "मी पेनड्राइव्हचं विचारलं होतं." आवाज चढला नाही. चढला असता, तिनं मला चार शिव्या हासडल्या असत्या, तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. ती वडिलांकडं वळली आणि त्यांच्या भाषेत सांगायला लागली. मला अक्षर कळलं नाही, पण मास्तरांचा श्वास मला इथं पुंडलिकनगरात ऐकू येत होता. सांगून झाल्यावर त्यांनी दोनदा मान हलवली. शर्टाची कॉलर सारखी केली. मग लोसाला काही म्हणाले.

"ते विचारतात, तुझ्याजवळ वही आहे का? पहिली वही त्यांना पाठ आहे म्हणतात. लिहून घे."

हाताला लागली ती मायच्या गोळ्यांच्या वेळा लिहायची वही. तिच्या कोऱ्या पानावर मी लिहायला बसले. मास्तर डोळे मिटून सांगत होते, लोसा इंग्रजीत करत होती, मी मराठीत लिहीत होते.

पहिला दिवस. चार गाठी. गोड.

दुसरा दिवस. चार गाठी. गोड. संध्याकाळी पाऊस.

तिसरा दिवस. पाच गाठी. फार गोड.

चौथा दिवस. मुलगी झाली. पाणी बघितलं नाही.

"ती मी," लोसा मधेच म्हणाली आणि पुढं सांगायला लागली.

पाचवा दिवस. पाच गाठी. गोड. मुलीच्या जिभेला एक थेंब लावला.

"सहावा दिवस," मास्तर म्हणाले. एवढे त्यांचे दोन शब्द एव्हाना मलाही ओळखू यायला लागले होते. त्यांनी हात उचलला, बोटं हवेत दोरीवरून खाली सरकवल्यासारखी केली. "सहावा दिवस." परत. समोरच्या घरातली ती पोरगी अडते ना, तसे अडले. मग त्यांनी डोळे उघडले आणि लेकीकडं बघितलं, आणि त्या बघण्यात मला कळलं, की बाकीच्या सगळ्या वर्षांचं काय झालं हे त्यांना आत्ता, या घटकेला समजलंय. लाइन तुटली नाही.

प्रबंध तिनं दिलाच नाही. काय देणार? आता दर सोमवारी बेटावरून एक ओळीचा अहवाल येतो. 'लाइन सुरू.' खाली लोसाची सही. 'पाणी आलं' ती लिहीत नाही, लाइन कधी जातच नाही तर यायचा प्रश्नच कुठं येतो. गेल्या वर्षी एका सोमवारी सही दुसऱ्याच कुणाची तरी होती आणि शेऱ्यात लिहिलं होतं, नेहमीच्या बाई रजेवर, वडील वारले. मी पत्र लिहिलं. ते डोळ्याची पापणी लवायच्या आत पोचलं. उत्तर आलं नाही, आणि मी वाटही बघितली नाही. आता ती लाइन एवढी मोठी आहे की एकतीस वह्या एका श्वासात इकडं येतील. यायला वह्या नाहीत. लोक मला विचारतात, बेटं जोडून काय फायदा झाला? मी म्हणते, झाला की. पोरांना धडे दिसतात, परीक्षा वेळेवर होतात. खोटं नाही ते. पण मला त्यात कुठलाच आनंद होत नाही, आणि होईल असं आता वाटतही नाही.

माय शेवटी कंटाळून स्वतःच ड्रमला हात घालते. मी जिना चढून वर जाते तोवर तिनं तो कलता केलेला असतो. "राहू दे माय," मी म्हणते.

"आगं, शिळं हाय ते! आट दिस झालं. काय जीव अडकलाय का तुजा त्याच्यात?"

पाणी गच्चीवरून पन्हाळीत, पन्हाळीतून खाली अंगणात जातं. लिंबाचा मोहर त्याच्याबरोबर वाहत गल्लीपर्यंत येतो आणि तिथंच थांबतो. ऊन एवढं आहे की पाच मिनिटांत जमीन कोरडी.

आठ दिवसांचा नियम मी त्याच जूनमध्ये काढून टाकला. सगळ्या बेटांच्या टाक्यांत एक नवा खण केला. त्यातलं कधीच काही काढायचं नाही, लाइन येवो नाही तर जावो, आणि बाहेर जायला त्याचा नंबर पहिला. बाकीची बेटं तो वापरतात. लोसाच्या बेटाच्या खणात एकच पान आहे, मीच टाकलेलं. पाच दिवसांच्या पाच ओळी. त्याखाली 'सहावा दिवस' एवढं लिहून पुढची जागा मी मोकळी सोडलीय. तिला हवं तर ती तिथं लिहू शकते. आज सकाळी उघडून बघितलं, मोकळीच आहे.